फ्रोझन फिश युनिटमध्ये क्यूसी असिस्टंट: कव्हर लेटरात काय लिहावं?

आंबेवाट_लांजा
रत्नागिरीतल्या एका मासळी प्रक्रिया युनिटमध्ये क्यूसी (क्वालिटी कंट्रोल, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणी) असिस्टंटची जागा निघाली आहे. अट: मायक्रोबायोलॉजीची पदवी, हॅसपची (HACCP, अन्नातले धोके आधीच ओळखून रोखायची पद्धत) माहिती, शिफ्टची तयारी. माझी बी.एस्सी. झाली आहे, ५८ टक्के. नंतर कायम नोकरी नाही. आंबा कॅनिंगच्या लॅबमध्ये दोन सीझन काम केलंय. मासळीचा अनुभव शून्य. घर लांज्याला. पत्र केवढं लिहावं, मराठीत की इंग्रजीत, आणि गॅपचं काय करावं?

बर्फाची_लादी
शून्य कसा? कॅनिंगच्या कामानेच पत्राची सुरुवात करा. रोज किती बॅचचा ब्रिक्स (गरातल्या साखरेचं प्रमाण) रिफ्रॅक्टोमीटरवर घेतलात, पीएच मीटर कोणत्या बफरने कॅलिब्रेट केलात, सीलबंद डब्यांची गळती कशी तपासलीत, हे आकड्यांसकट तीन ओळींत येऊ द्या. 'मी मेहनती व प्रामाणिक आहे' हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं, त्यावर कोणाची नजर थांबत नाही.

त्यानंतर हे काम मासळीशी जोडा. पत्राचा जीव इथेच आहे. आंब्याच्या गराचा पीएच ४.६ च्या खाली असतो, म्हणून बोटुलिझमचा (जीवघेण्या अन्नविषबाधेचा) जंतू त्यात वाढत नाही. मासळीला तो आंबटपणा नाही, तिथे सगळा भार थंडीवर. बांगडा उतरवल्यावर उन्हात राहिला तर त्यात हिस्टामिन (खाल्ल्यावर ॲलर्जीसारखा त्रास देणारं रसायन) तयार होतं, आणि ते मागाहून गोठवून किंवा शिजवूनही जात नाही. म्हणून बर्फ, वेळ आणि उणे १८ अंशांची नोंद. एवढं स्वतःच्या शब्दांत दोन वाक्यांत लिहिलंत तर मासळीचा अनुभव नसूनही काम कळतं हे दिसेल. उगाच चार परिच्छेद नकोत. एकूण २०० ते २५० शब्द.

गॅपची सफाई देत बसू नका. दोन्ही सीझनचे महिने लिहा, पुरे. टक्के रेझ्युमेत आहेत, पत्रात नकोत.

लोटे_परशुराम
जाहिरात इंग्रजीत असेल तर पत्र इंग्रजीत, मराठीत असेल तर मराठीत. मात्र 'वरील विषयास अनुसरून विनंती विशेष' हा सरकारी अर्जाचा साचा सोडा. पहिल्या ओळीत पद आणि जाहिरात कुठे पाहिली ते, लगेच काम.

पत्र ईमेलच्या मजकुरातच लिहा, जोडायचा फक्त रेझ्युमे, पीडीएफमध्ये. फाइलला नाव आणि पद द्या. 'न्यू रेझ्युमे फायनल २' नको, डाउनलोड झाल्यावर ती कोणाची हे कळत नाही. विषयाच्या ओळीत पद, नाव, जाहिरातीत असल्यास क्रमांक. जुनं पत्र कॉपी करताना आधीच्या कंपनीचं नाव राहून जातं. तसा अर्ज तिथेच संपतो, म्हणून पाठवण्याआधी नाव शोधून बघा.

आंबेवाट_लांजा
आभारी आहे. हॅसपचा दोन दिवसांचा ऑनलाइन कोर्स केलाय. 'हॅसपचं सखोल ज्ञान' लिहिलं तर चालेल?

बर्फाची_लादी
नको. मुलाखतीत सात तत्त्वं विचारतील आणि फ्लो चार्ट पुढे ठेवून सीसीपी (क्रिटिकल कंट्रोल पॉइंट, जिथे धोका रोखायचा तो टप्पा) कुठला ते दाखवायला सांगतील. 'दोन दिवसांचा प्राथमिक कोर्स, अमुक महिन्यात' असं खरं लिहा आणि सात तत्त्वं पाठ नव्हे, समजून घ्या. गराच्या लाइनवर पाश्चरायझेशनचं तापमान कोण, दर किती वेळाने नोंदवत होतं? ती नोंद म्हणजे सात तत्त्वांतलं मॉनिटरिंगच. पत्रात तेच उदाहरण द्या.

मिरकरवाडा_पहाट
एक राहिलं. पत्ता लांज्याचा दिसला की वाचणाऱ्याला पहिली शंका येणार: रात्री पाळी सुटल्यावर जाणार कुठे? शेवटच्या परिच्छेदात स्पष्ट लिहा: रत्नागिरीत राहायची सोय करेन, रात्रपाळी चालेल, अमुक तारखेपासून हजर होऊ शकेन. १ जूनपासूनची मासेमारीबंदी उठली की ऑगस्टात माल सुरू होतो, माणसं त्याआधी लागतात. जुलैमधली तारीख देता आली तर जरूर द्या. गणपतीच्या रजेचा विषय पत्रात काढू नका, तो निवड झाल्यावर समोरासमोर बोलायचा.