स्वयंअध्ययनाचा तास: मुलांना मोकळीक की मास्तरांना सुटी?

खडूवाला
वाद होणार हे धरूनच विषय काढतोय. पाचवी ते दहावीच्या वेळापत्रकात रोजची एक तासिका मुलांच्या हवाली करावी, असं माझं ठाम मत आहे. शिक्षक वर्गात असेल, पण फळ्याकडे फिरकणार नाही. पुढचा भाग मुलांनी स्वतः वाचायचा, उदाहरणं सोडवायची. अडलं तर आधी पुस्तक, मग शेजारचा, आणि अगदीच गाडं रुतलं तर सर.

मी गोव्यात, बार्देशातल्या एका हायस्कूलात गणित शिकवतो. नव्या धाटणीचं उदाहरण दिसलं की पेन खाली आणि ठरलेलं वाक्य: "सर, हें तुमी शिकोवंक ना." त्याच पानावर वरच्या बाजूला तसलंच उदाहरण सोडवून दाखवलेलं असतं. ते वाचायचं असतं हेच कुणाच्या गावी नसतं. दीड वाजता शाळा सुटते, तीनला एक ट्युशन, सहाला दुसरी. दिवसभर कुणीतरी सांगतंय आणि हा ऐकतोय. स्वतःच्या डोक्याला काम कधी द्यायचं?

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली की हीच मुलं रानात हिंडून माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या आराशीला, कांगलां, घागऱ्यो, कवंडाळं अशी रानफळं हुडकून आणतात. कुठलं फळ कुठल्या झुडपावर, कधी धरतं, सगळं तोंडपाठ. त्याची कुणी ट्युशन लावली होती?

वाळपईचा मास्तर
ट्युशन नव्हती, पण पुढे आजोबा होते ना! "ह्याला हात लावू नकोस, खाज येईल" हे कुणी सांगितलं? पोराला एकट्याला रानात सोडून बघा काय घेऊन येतो ते.

आणि सर, तुमचं हे स्वयंअध्ययन आमच्याकडे केव्हाचं चालू आहे. एकशिक्षकी सरकारी प्राथमिक शाळा, पहिली ते चौथी एकाच खोलीत. मी पहिलीला अक्षरं गिरवायला बसवतो तेव्हा तिसरी-चौथी 'स्वयंअध्ययन' करत असते. वर माध्यान्ह आहाराची नोंद, कचेरीचे कागद, फोन. अहवालात ह्याला फार सुंदर नाव देता येतं. खरं नाव शिक्षकांची कमतरता. उद्या तुमची तासिका मंजूर झाली तर वरचे साहेब काय म्हणतील सांगू? मुलं आपापली शिकतात, मग दुसरा शिक्षक कशाला?

एकटं सोडलेलं मूल काय करतं तेही ऐका. एक तृतीयांश अधिक एक चतुर्थांश. वरचे आकडे मिळवले, खालचे मिळवले, उत्तर २/७. मग त्याच तऱ्हेनं अख्खं पान भरलं, सुवाच्य अक्षरात, समास सोडून. चूक घोटून घोटून पक्की. ती पुसायला मला दुप्पट वेळ लागतो.

फोंड्याची आई
मास्तरांना पूर्ण अनुमोदन. खडूवाले सर, राग मानू नका, पण शाळेत नीट शिकवलं असतं तर तीनची ट्युशन लागली असती का? आता आणखी एक तास न शिकवण्यात घालवणार. मग तो भाग घरी कुणी घ्यायचा? मी कामावरून सातला येते. एप्रिलमध्येच वर्ग सुरू करून आधीच सुटी कातरलीय, त्यात आता हे. बारावीनंतर प्रवेशाच्या वेळी मुलगा किती स्वावलंबी आहे हे कुणी विचारत नाही, मार्क विचारतात.

ग्रंथघुशी
थोडा पुस्तकी मुद्दा, कंटाळा आला तर पुढे जा.

ह्या वादात सुगत मित्रा ह्या शिक्षण-संशोधकांचा प्रयोग हमखास येतो, म्हणून मीच आणतो. १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजी भागात त्यांनी झोपडपट्टीलगतच्या भिंतीत संगणक बसवला. न शिकवता मुलं तो चालवायला लागली आणि जगभर बोलबाला झाला. पण संगणक हाताळणं वेगळं आणि पायरीपायरीनं चढत जाणारं गणित वेगळं. एक पायरी निसटली की वरच्या सगळ्या डगमगतात.

उलट बाजूनं किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क ह्या तिघा शैक्षणिक मानसशास्त्रज्ञांचा २००६ मधला निबंध आहे. नवशिक्याला मार्गदर्शन न देता सोडलं तर त्याची सगळी शक्ती चाचपडण्यात जाते, डोक्यात टिकायचं ते टिकत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. मात्र त्यातलीच एक गोष्ट लोक सोयीनं गाळतात. विषयाचा पाया पक्का होत गेला की मार्गदर्शनाचा हा वरचढपणा ओसरतो. म्हणजे पाचवीतल्या कोवळ्या पोराला आणि दहावीतल्या मुलाला एकच तासिका लागू करणं चुकीचं. खडूवाल्यांचा प्रस्ताव तिथेच लंगडा पडतो.

निवृत्त बाई, काणकोण
पाचवी म्हणालात म्हणून राहवत नाही. आपल्याकडे सरकारी शाळेतलं मूल चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोंकणीतून शिकतं आणि पाचवीत बहुतेक ठिकाणी सगळं इंग्रजी. मी वर्षानुवर्षं ती पाचवी घेतली. चौथीत धडाधडा गोष्टी वाचणारी मुलगी जूनमध्ये विज्ञानाच्या पुस्तकासमोर मुकी होते. प्रकाशसंश्लेषण तिला कळत नाही असं नाही, ते वाक्यच उलगडत नाही. तिला 'स्वतः वाच' म्हणणं ही थट्टा आहे. अशी मुलं मग काय करतात? गाइडातलं उत्तर जसंच्या तसं पाठ. माध्यमाच्या राजकारणावर आपण इतकी वर्षं भांडलो, २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांच्या अनुदानावरून तर रस्त्यावर आलो, पण चौथी आणि पाचवीच्या मधल्या ह्या दरीवर पूल कुणी बांधायचा ह्यावर कुणी तोंड उघडत नाही.

सरांच्या तासिकेला माझा विरोध नाही. पाचवीत ती मराठी पुस्तकांपासून सुरू करा. जिथे मुलाची जीभ चालते तिथेच त्याचं डोकं आधी चालतं.

खडूवाला
बाई, हे मान्य. पाचवी-सहावीला आधी वाचनाचीच तासिका ठेवू.

मास्तर, तुमचं २/७ मी मुद्दाम परत घेतो, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे. एक तृतीयांशात आणखी काहीतरी मिळवलं, तर उत्तर एक तृतीयांशाहून मोठं यायला हवं की नको? २/७ तर त्याहून लहान आहे. हे ताडायला मास्तर लागत नाही, सवय लागते. 'उत्तर आलं, आता ते पटतं का बघ' ही सवय आपण लावतच नाही. मूल उत्तर काढतं आणि वही पुढे सरकवतं, बरोबर की चूक ते सर सांगतील. मला मुलांना एकटं सोडायचं नाही, ही तपासणी त्यांच्या हातात द्यायची आहे. आणि ती आधी शिकवावीच लागेल, फळ्यावर, माझ्या तोंडानं. त्यात सुटी कसली! त्या तासाला मला बाकाबाकावर फिरावं लागतं, शिकवण्यापेक्षा जास्त दमायला होतं.

शिक्षक कमी करायला साहेब ह्याचा वापर करतील ही भीती मात्र खरी आहे. त्यावर माझ्याकडे तोड नाही.

अकरावी सायन्स
मी बोलू का? दहावीपर्यंत दोन ट्युशन होत्या, मार्क छान पडले. आता कॉलेजात सर तासात अर्धं प्रकरण संपवतात आणि "बाकीचं वाचून या" म्हणतात. वाचायला बसले की कुठली ओळ महत्त्वाची तेच समजत नाही, सगळ्या पानाला पिवळा हायलायटर. वर्गातल्या निम्म्यांचं हेच. खडूवाले सर, हे आठवीत करून घेतलं असतं तर बरं झालं असतं. पण तेव्हा कुणी करायला लावलं असतं तर आम्ही गप्पाच मारल्या असत्या, हेही खरं :)

वाळपईचा मास्तर
बघा, पोरगीच सांगतेय!

तरी ती तपासणीची गोष्ट चौथीवर करून बघतो. उत्तराखाली एक ओळ लिहायला लावतो: 'हे उत्तर मला का पटतं'. बाकी तासिका-बिसिका तुमच्या हायस्कूलात. आमच्याकडे आधी दुसरा शिक्षक पाठवा.

फोंड्याची आई
तुम्ही दोघे चक्क एकमेकांकडे सरकलात. माझी ट्युशनची फी मात्र पाच तारखेला भरायचीच आहे. सर, मुलगा आठवीत आहे. तुमच्या त्या तासाला नेमकं काय देता, एखादा कागद इथे टाकाल? ट्युशनवाल्यालाच दाखवते, बघू काय म्हणतो.