जॉन हॅसेल गेले : तुम्ही त्यांना पहिल्यांदा कुठे ऐकलंत?

रविवारी सकाळी पोह्यांना फोडणी घालता घालता बातमी वाचली. जॉन हॅसेल शनिवारी, 26 जून 2021 ला गेले. वय 84. बाबांनी विचारलं, "कोण गेलं?" म्हटलं, ट्रंपेट वाजवायचे एक. "कोणत्या बँडचे?"

यात बाबांची चूक नाही. इंदुरात ट्रंपेट म्हटलं की वरात, घोडी आणि समोर नाचणारे नवऱ्यामुलाचे मित्र. मी म्हटलं, अमेरिकेतले होते. "आपल्या ओळखीचे?" याला काय उत्तर द्यायचं ते सुचेना, आणि तेवढ्यात पोह्यांवर जीरावन जास्त पडलं.

ज्यांनी नावच ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म 1937, मेम्फिस. जर्मनीत कलोनला श्टॉकहाउझेन या संगीतकाराकडे शिकले. परत आल्यावर टेरी रायली या अमेरिकन संगीतकाराच्या 'इन सी' या रचनेच्या 1968 च्या पहिल्या ध्वनिमुद्रणात ट्रंपेट वाजवलं. आणि मग किराणा घराण्याचे गायक पंडित प्राणनाथ भेटले. त्यांच्यासमोर बसून हा गृहस्थ ट्रंपेट नव्याने शिकला. पुढे जे वाजवलं त्याला त्यांनी स्वतःच 'चौथं जग' असं नाव दिलं. जॅझवाले त्यांना पूर्ण आपलं म्हणत नाहीत, आपले शास्त्रीयवाले तर नाहीच नाही.

चरित्र एवढं पुरे. तुम्ही त्यांना कधी, कुठे ऐकलंत आणि काय झालं, ते इथे लिहा. आवडलं नसेल तरी लिहा.

प्रतिसाद : सुदामानगर, इंदूर

मी ख्याल शिकते, म्हणून जरा लांबण लावते, सांभाळून घ्या.

आमच्याकडे इंदूर घराण्याचे गायक अमीर खाँसाहेब यांची मारवा आणि दरबारी या रागांची ती एलपी होती. आई दर गुरुवारी दरबारीची बाजू लावायची. मारव्याने तिला उदास वाटायचं. त्यामुळे दरबारीचा गंधार, म्हणजे त्यातला 'ग', माझ्या कानात लहानपणीच बसला, तो खाली झुकणारा, हलणारा. कॉलेजात असताना हॅसेल यांचा 1983 चा अल्बम हाती आला तो केवळ नावात 'दरबारी' आहे म्हणून. आका, दरबारी, जावा, असं तीन टोकांचं नाव. हेडफोन लावून बसले आणि दहा मिनिटांत चिडले. गंधार कुठाय? त्याचं ते हलणं, आंदोलन, कुठाय? मागे लाकडं वाजल्यासारखा ताल, आणि त्यावर कोणीतरी झोपेत बोलतंय. मैत्रिणीला म्हटलं, फिरंग्यांनी नाव तेवढं उचललं, बाकी काही नाही.

वर्षभराने रियाजात गुरुजी एका मींडेवर, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाण्यावर, अडून बसले होते. "दोन सुरांच्या मध्ये पायरी लागतेय तुझी, उतार हवाय." घरी आले आणि कशी कोण जाणे, तोच अल्बम लावला. आता ऐकू आलं. ट्रंपेटला तीन पिस्टन, सूर एकेक करून सुटे निघणार, पायऱ्यांसारखे. या माणसाने ओठ आणि फुंकर यांच्या जोरावर त्या पायऱ्या घासून उतार केला होता. हॅसेल शिकले तेच मुळी गळ्यावरून. प्राणनाथ गाणार, यांनी ते ट्रंपेटात शोधायचं. शिवाय हार्मोनायझर नावाच्या यंत्रातून एका फुंकरीला समांतर सुरांचे पदर जोडायचे. मैफलीत गुरूच्या मागे दोन-तीन शिष्य एकदम सूर धरतात ना, तसं वाटतं.

दरबारी म्हणून ऐकाल तर अजूनही निराश व्हाल, हे माझं मत कायम आहे. पण एक सांगते. प्राणनाथांचे गुरू अब्दुल वहीद खाँ. अमीर खाँसाहेबांच्या विलंबितावर, संथ लयीतल्या गाण्यावर, ज्यांची छाया आहे ते हेच. म्हणजे हा मेम्फिसचा माणूस आमच्या इंदूरच्या घराण्याचा लांबचा नातेवाईक निघाला, आणि मी त्याला गंधारावरून बोलले.

बडोदे

नातीच काढायची तर आमच्या गायिका हिराबाई बडोदेकरही वहीद खाँकडेच शिकल्या. म्हणजे प्राणनाथ त्यांचे गुरुबंधू आणि हॅसेल त्यांना भाच्यासारखे. आजीला हे सांगितलं. ती म्हणाली, हिराबाई इतक्या धुरात गात नव्हत्या. मी विषय सोडला.

टिळकनगर, इंदूर

मला झोप येते. प्रामाणिकपणे सांगून राहिलोय, भिया. चार वेळा प्रयत्न केला, चारही वेळा त्यांच्या 'पॉसिबल म्युझिक्स' या अल्बमची दुसरी बाजू कधी लागली ते कळलं नाही. माणूस मोठा असणार, श्रद्धांजली.

लोधीपुरा, इंदूर

आमच्या घराखाली एका लग्नाच्या बँडचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक शटर, भिंतीवर टांगलेले लाल कोट आणि बाकावर बसलेले उस्ताद. पंचेचाळीस वर्षं ट्रंपेट. कोविडमुळे गेल्या वर्षीचा लग्नांचा सीझन बुडाला, यंदाचाही बुडाला. बाजे पोत्यात बांधून माळ्यावर. उस्तादांचं ट्रंपेट मात्र खालीच असतं. मेरठहून आणलेलं, पितळ घासून घासून एका जागी पांढरं पडलंय. ते रोज पुसतात, पिस्टनला तेल देतात आणि परत ठेवतात.

मे महिन्यात एका दुपारी मी त्यांना मोबाईलवर हॅसेल ऐकवले. स्पीकर बारीक, म्हणून फोन कानाला लावून ऐकत होते, जणू कोणाशी बोलतायत. आधी म्हणाले, "शहनाई है?" नाही. "शंख?" नाही. ट्रंपेट आहे म्हटल्यावर माझ्याकडे असे पाहिले की मी खोटं बोलतोय. मग पुन्हा सुरुवातीपासून लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं मांडीवर हलत होती.

"ये आदमी पिस्टन पूरा नहीं दबा रहा," म्हणाले. "और फूँक सुना रहा है. हमको तो फूँक छुपाना सिखाया." बरोबर आहे. वरातीत सूर चार गल्ल्या पलीकडे पोचायला हवा, फुंकर ऐकू आली तर मालक म्हणेल गडी थकला.

मग त्यांनी माउथपीस काढलं, मुठीत धरून गरम केलं, बसवलं, आणि पहिला पिस्टन अर्धा दाबून फुंकलं. वासरू हंबरल्यासारखा आवाज आला. ओट्यावरची पोरं हसली. दुसऱ्यांदा तेच. आतून त्यांच्या बायकोने विचारलं, "किसकी तबीयत खराब है?" तिसऱ्या वेळी मात्र सूर घसरत घसरत खाली आला, न तुटता, आणि शेवटी नुसती हवा उरली. उस्ताद काही बोलले नाहीत. ट्रंपेट पुसलं आणि ठेवून दिलं.

काल त्यांना बातमी सांगितली. "उम्र?" चौऱ्यांशी. "तब तक बजाता था?" शेवटचा अल्बम गेल्याच वर्षी आला म्हटलं, तर दोन्ही कानांना हात लावले.

मूळ इंदूर, सध्या पुणे

माझी ओळख टॉकिंग हेड्स या रॉक बँडच्या 1980 च्या 'रिमेन इन लाइट' या अल्बममधून, 'हाउसेस इन मोशन' या गाण्यातून. होस्टेलवर कॅसेट होती. मधेच हत्ती ओरडल्यासारखा तो आवाज येतो तेव्हा आम्हाला वाटलं, कॅसेट गुंतली. पेन्सिल घालून फिरवली सुद्धा. परत लावली, परत हत्ती. तो हत्ती म्हणजे हॅसेल.

वैशालीनगर, इंदूर

लिहू की नको असं चाललं होतं.

एप्रिलमध्ये मला कोविड झाला. बेड कुठे मिळेना, म्हणून गच्चीवरच्या खोलीत. बोटाला ऑक्सिमीटर, आकडा 92, कधी 91. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं, पालथं पडून राहा. त्या दिवसांत शब्द असलेलं काहीच ऐकवत नव्हतं. भजन नाही, नाट्यगीत नाही, बातम्या तर नकोच. भाच्याने पूर्वी कधीतरी फोनमध्ये 'व्हर्नल इक्विनॉक्स' टाकून दिलं होतं. 1977 चा अल्बम. शीर्षक-तुकडा वीसएक मिनिटांचा.

पालथा पडून तेवढाच लावायचो. सूर यायच्या आधी त्यात श्वास ऐकू येतो. सूर संपल्यावरही श्वास उरतो. वर कोणीतरी त्या उस्तादांचं लिहिलंय, फुंकर लपवायची असते म्हणून. मला तेव्हा ती लपवलेली नाही हेच बरं वाटत होतं. त्यांच्या फुंकरीबरोबर मी घ्यायचो, सोडायचो. मला पुरायचं नाही, त्यांचा सूर माझ्यापेक्षा लांब. एक तुकडा संपला की वीस मिनिटं गेली असं समजायचं. रात्रभरात असं किती वेळा लावायचो, मोजलं नाही. बाहेर ॲम्ब्युलन्स चालूच.

त्याने बरा झालो असं म्हणायला मी वेडा नाही. औषधांनी झालो, आणि नशिबाने. शेजारच्या गच्चीवरच्या खोलीत आमचे काका होते, सख्खे नव्हेत, पण काकाच. भिंतीपलीकडून एकमेकांना आकडे सांगायचो. ते ज्या रात्री गेले त्या रात्रीही माझ्या कानात हेच चालू होतं, त्यामुळे मला आधी कळलंच नाही. सकाळी "काका, किती?" विचारलं, तर त्यांची सून बाहेर आली.

तेव्हापासून लावलं नव्हतं. काल बातमी वाचून लावलं. चार मिनिटांनी बंद केलं. पुन्हा केव्हातरी.

धागाकर्ता

वैशालीनगरकर, तुमचं वाचून बराच वेळ काही टंकता आलं नाही. सावकाश. तो तुकडा कुठे जात नाही.

बाबांनी वरचं सगळं माझ्याकडून वाचून घेतलं. त्यांना फक्त बँडवाल्या उस्तादांचं पुढे काय झालं हे हवंय. लोधीपुरेकर, आहे का काही?

लोधीपुरा, इंदूर

आहे. आज सकाळी उस्तादांनी व्हॉट्सॲपवर क्लिप पाठवली, 40 सेकंदांची. सुरुवातीला भाजीवाल्याची हाक आहे. मग ट्रंपेट, अर्ध्या पिस्टनवर, षड्जावरून ('सा') खाली खर्जाच्या पंचमापर्यंत ('प'), एकाच फुंकरीत. खाली पोचल्यावर तिथेच थांबलेत. शेवटी कुकरची शिट्टी होते आणि उस्ताद म्हणतात, "बंद कर, बंद कर, आ गया."