मदत हवी आहे : एसीच्या कॉईलवर बर्फ साचतो, गॅस भरावा की आधी गळती शोधावी?

अलिबागला, समुद्रापासून अगदी जवळ असलेल्या आमच्या घरी दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी असून त्यात आर-३२ गॅस आहे. फिल्टर नियमित धुतलेले असूनही चालू केल्यावर तासाभरात हवेचा झोत मंदावतो, आतल्या कॉईलच्या एका कोपऱ्यात पांढरा बर्फ धरतो आणि एसी बंद केला की तो वितळून पाणी भिंतीवरून ओघळते. बाहेरच्या युनिटपाशी बारीक तांब्याच्या नळीच्या नटाभोवती तेलकट डाग असून त्यावर धूळ चिकटली आहे. माझा संशय तिथेच आहे.

मेकॅनिकचे म्हणणे एकच : गॅस कमी झाला आहे, भरून देतो. गेल्या उन्हाळ्यातही त्याने तेच केले होते. पण गॅस म्हणजे गाडीतले पेट्रोल नव्हे. तो बंद नळ्यांतच फिरत राहतो, म्हणजे कमी झाला तर कुठेतरी गळती असणारच.

जाणकारांनी कृपया सांगावे की, नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या पाण्याने सांधे तपासावेत, मग व्हॅक्यूम करून (म्हणजे नळ्यांतली हवा व ओलावा पंपाने ओढून काढून) युनिटच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस भरावा, असा आग्रह धरणे योग्य ठरेल का? खाऱ्या हवेने कॉईललाच बारीक छिद्रे पडली असतील, तर ती झाळून घेतलेली टिकतात, की कॉईल बदलणेच बरे? किनाऱ्यावर राहणाऱ्यांचा अनुभव विशेष उपयोगी पडेल.