भाड्यापेक्षा वाट पाहणं महाग पडतं

मे २०२५ मध्ये मुंबईत बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं ५ वरून १० रुपये झालं, म्हणून स्टेशनवरून लोक शेअर रिक्षा धरतात, असं बरेच जण म्हणतात. पटतं, पण अर्धंच. रिक्षाची रांग निदान सरकताना दिसते. बस कधी येईल याचा भरवसा नसेल, तर ५ रुपयांतही कोण थांबेल?

आमच्या स्टेशनबाहेर पूर्वी एक स्टार्टर, म्हणजे शिट्टी वाजवून बस सोडणारे कर्मचारी, होते. लोकल लागली की पुलाच्या जिन्याकडे बघत उभे राहायचे. पिशव्या सावरत शेवटची बाई उतरली की मगच शिट्टी. बस कुठे आहे ते दाखवणाऱ्या ॲपपेक्षा मला ते हवंय. निदान रात्री दहानंतर तरी, जेव्हा पुढची बस फार उशिरा असते, तेव्हा गाडी लोकल बघूनच सुटावी.