प्रकाशवर्षं डोक्यात शिरत नाहीत त्यांच्यासाठी

कुणीतरी म्हटलंय की प्रकाशवर्षांचे (प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाश एका वर्षात कापतो ते अंतर) आकडे नुसते वाचून सोडून देतो, डोळ्यासमोर काहीच येत नाही. अगदी खरंय, माझंही तेच व्हायचं. मग एकदा कागदावर स्केल मांडून बघितलं, १ सेंटीमीटर म्हणजे १ लाख किलोमीटर. सूर्य झाला १४ सेंमीचा चेंडू, आणि पृथ्वी? जेमतेम मोहरीचा दाणा, तोही चेंडूपासून १५ मीटर दूर. चंद्र त्या दाण्यापासून पावणेचार सेंमीवर, आणि माणूस आजवर गेलाय तो साधारण तेवढाच!! नेपच्यून ४५० मीटरवर, म्हणजे चालत जाऊन बघून येऊ असं वाटतं. आणि सगळ्यात जवळचा शेजारी तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, सुमारे ४००० किलोमीटरवर. मध्ये जवळपास काहीच नाही.

खरी गंमत पुढेच आहे. या स्केलवर प्रकाश सेकंदाला ३ सेंमी सरकतो, म्हणजे अक्षरशः मुंगीच्या चालीने. चेंडूपासून दाण्यापर्यंत यायला त्याला आठ मिनिटं आणि वर काही सेकंद, आणि प्रॉक्सिमापर्यंत जायचं तर न थांबता सव्वाचार वर्षं चालत राहायचं. व्हॉयेजर १ हे अंतराळयान तर १९७७ पासून धावतंय तरी या मुंगीची जेमतेम एका दिवसाची चाल झालीय त्याची.

बाकी देवयानी (अँड्रोमेडा) आकाशगंगा अंधाऱ्या रात्री नुसत्या डोळ्यांनी दिसते बरं का, थेट न बघता किंचित बाजूला नजर ठेवायची, मग तो धूसर ठिपका उमटतो. २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश.