परसात पत्र्याची शेड टाकायचीय, परवानगी लागते का?

मुलुंडकर_७७
मंडळी, मुलुंड पूर्वेला आमचं आजोबांच्या वेळचं बैठं घर आहे, मागे थोडी मोकळी जागा. तिथे ८ बाय १० ची शेड टाकायचं चाललंय, पाण्याची मोटर, दोन सायकली आणि बाबांची सुतारकामाची हत्यारं, जी सध्या आईच्या स्वयंपाकघरात आहेत आणि त्यावरून रोज वाजतं. फॅब्रिकेटर म्हणतो नट-बोल्टचं काम आहे साहेब, कधीपण खोलता येतं, परवानगी-बिरवानगी लागत नाही. वर कंपाउंडच्या भिंतीला टेकून टाकली की दोन पाइप वाचतात म्हणे. खरंय का?

नकाशावाला
लागते. त्याचं काय जातंय, नोटीस तुमच्या नावाने येणार. महापालिकेचा कायदा १८८८ चा, त्यात 'इमारत'च्या व्याख्येतच शेड बसवलीय, मग ती विटांची असो, लाकडाची की पत्र्याची. आणि भिंतीला टेकून तर नकोच, घराभोवती सोडायची जागा मोकळीच ठेवावी लागते. आधी आर्किटेक्टला किंवा लायसन्स्ड सर्व्हेअरला घराचा मंजूर नकाशा दाखवा, डीसीपीआर २०३४, म्हणजे मुंबईची बांधकाम नियमावली, त्याप्रमाणे तुमच्या प्लॉटवर काय बसतं ते तो सांगेल.

कटिंग_चहा
आमच्याकडे झालंय हे. शनिवारी पाइप उभे केले, सोमवारी शेजारच्या काकांची तक्रार, पत्र्याचं पाणी त्यांच्या तुळशीवर पडेल म्हणून (पडणारच होतं, खोटं कशाला बोलू). महापालिकेच्या त्याच कायद्यातल्या कलम ३५४ए ची नोटीस आली, काम थांबवा आणि २४ तासांत परवानगी दाखवा. कुठून दाखवणार? पाइप भंगारात गेले, काका अजून बोलत नाहीत.

मुलुंडकर_७७
बापरे. मग ती पावसाळी शेड टाकतात लोक, तसं नाही का चालणार?

नकाशावाला
ती पण वॉर्ड ऑफिसला विचारूनच, आणि पावसाळा संपला की उतरवायची. म्हणजे दिवाळीला हत्यारं परत स्वयंपाकघरात 😄

गंजका_खिळा
परवानगी मिळालीच तर जोतं उंच घे रे बाबा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला त्या दिवशी आमची भांडुपची मोटर पाण्याखाली गेली, रिवाइंडिंग करूनही आवाज गेला नाही तो नाहीच. पत्र्याचा उतार आपल्याच अंगणात, खाली पन्हळ. जे-बोल्टचं (पत्रा पाइपला धरून ठेवणारा आकडा) भोक पत्र्याच्या उंचवट्यावर पाड, पोरं घाईत खोलगट भागात पाडतात आणि मग दरवर्षी डांबर फासत बसा. आणि झाडाची फांदी आड आली तर तीपण परस्पर तोडू नको, त्यालाही महापालिकेची परवानगी लागते.

मुलुंडकर_७७
थँक्यू सगळ्यांना. फॅब्रिकेटरला थांबवलंय, ॲडव्हान्स परत मागितला तर 'ग्रिलच्या कामात ॲडजस्ट करू' म्हणतोय, आम्हाला ग्रिल नकोय. रविवारी सर्व्हेअर येतोय. तोवर मोटरीखाली विटांचा चौथरा करतो, हत्यारांबद्दल आईशी बाबांनीच बोलावं.