लॅबच्या अहवालावरील सहीबद्दल तक्रार कुणाकडे करावी?

नमस्कार. आईच्या थायरॉइडची तपासणी आमच्या तालुक्याच्या गावातील एका खासगी लॅबमध्ये करून घेतली. अहवालाच्या तळाशी डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञानाची पदविका) झालेल्या तंत्रज्ञाची पेनाने केलेली सही असून तिच्या शेजारी एका एमडी पॅथॉलॉजिस्टची (रक्त-लघवी अशा तपासण्यांतील तज्ज्ञ डॉक्टरची) स्कॅन केलेली सही छापलेली आहे. तिच्याखाली नोंदणी क्रमांक मात्र नाही. शेजारच्या तालुक्यातील एका लॅबच्या अहवालावरही हुबेहूब हीच सही, शेवटच्या फराट्याच्या तुटलेल्या टोकासकट, पाहायला मिळाली. डॉक्टर लॅबमध्ये केव्हा भेटतील असे विचारल्यावर काउंटरवरून ‘सर ऑनलाइन बघतात’ एवढेच उत्तर आले. टीएसएचचा (थायरॉइडच्या तपासणीत मोजल्या जाणाऱ्या संप्रेरकाचा) आकडा चुकला आहे असा माझा दावा नाही. पण त्या आकड्यावरून गोळीची मात्रा ठरणार असल्यामुळे तो कुणी तपासला हे कळायला हवे.

पॅथॉलॉजीची पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच अहवालावर प्रतिस्वाक्षरी करावी, हा गुजरात उच्च न्यायालयाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये कायम ठेवला. अडचण अंमलबजावणीची आहे. दवाखाने आणि लॅब यांच्या नोंदणीचा केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही आणि राज्याचा 1949 चा नर्सिंग होम नोंदणी कायदा रुग्ण दाखल करून घेणाऱ्या ठिकाणांसाठी आहे, त्यामुळे नुसती लॅब त्यात बसत नाही. या लॅबच्या भिंतीवर शॉप ॲक्टचे प्रमाणपत्र आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे जैववैद्यकीय कचऱ्याबाबतचे पत्र आहे, परंतु तपासणी बरोबर होते की नाही याच्याशी या दोन्ही कागदांचा संबंध नाही. एनएबीएलची (प्रयोगशाळांचा दर्जा तपासून मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता ऐच्छिक आहे, शिवाय ती ठरावीक चाचण्यांपुरतीच मिळते, हे बोर्डावरचे चिन्ह पाहून कुणाच्या लक्षात येत नाही.

अशा प्रकरणी लेखी तक्रार जिल्हा शल्यचिकित्सकांकडे द्यावी की तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे, आणि त्यावर प्रत्यक्षात चौकशी झाल्याचा कुणाला अनुभव आहे का? महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे जाता येईल, पण तिचा अधिकार डॉक्टरांवर चालतो, लॅबमालकावर नाही. आणि सही डॉक्टरांच्या नकळत वापरली जात असेल तर तेच अडचणीत यायचे. म्हणून आधी त्यांनाच अहवालाची प्रत जोडून स्पीड पोस्टाने विचारणा करावी का? तसे केल्यास लॅबवाले सावध होऊन जुन्या नोंदी बदलतील, अशी भीतीही वाटते. ज्यांनी अशी तक्रार तडीस नेली आहे त्यांनी सोबत कोणती कागदपत्रे जोडली होती, तेही कृपया सांगावे.